मागच्या खोलीतली ज्योत

॥ श्री ॥

विद्यानगर, हैदराबाद
दि. ६ नोव्हेंबर १९९५

रा. रा. मकरंदराव यांस,
दिगंबरचा सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याहून पाठवलेला फराळ पोचला. तुमच्या बहिणीने चकल्यांचा डबा माझ्यापासून दडवला होता, पण कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी उगीच आयुष्य काढलेलं नाही. वस्तू कुठे लपवतात ते मला बरोबर कळतं. डबा निम्मा झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

आता तो कारखाना माझ्यापुरता संपला. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली तेव्हा इच्छा कुणाची होती, हे तुम्हाला सांगायला नको. दोन महिने घरात बसून काढले. मग विजयवाड्याचा एक कॉफीवाला धंदा मोडत होता, त्याचं कॉफी भाजायचं यंत्र घेतलं. हल्ली सगळंच खुलं झालंय, कॉफीचं बीही सरळ मळेवाल्यांकडून मिळतं. चहाच्या या गावात कॉफी विकणारा मी इथल्या भाषेत हौलाच, म्हणजे खुळाच म्हणायचा, पण तारनाक्याची एक मेस आणि मलकपेठेतली दोन दुकानं माल घेऊ लागली आहेत. भाजणी तुमच्या वासंतीच्या हाती आहे. बी कधी उतरवायचं हे ती नुसत्या वासावर सांगते.

अडचण अशी की यंत्र गॅसवर चालतं आणि त्याच्या पोटात करंगळीएवढी एक ज्योत सतत जळत राहावी लागते. तिला पायलट म्हणतात, हे तुम्हाला बिस्किटांच्या भट्ट्या सांभाळणाऱ्याला मी काय सांगू. तो पायलट विझतो. पेटवला की पेटतो, आणि भाजणी रंगात आली की विझतो. मग सगळा गॅस बंद, आणि बी अर्धवट भाजून बसतं. काय करावं ते कळवा.

एक विनंती. फोन करू नका. फोन आबासाहेबांच्या खोलीत आहे. आमच्या घरात तीन पिढ्या वकिली आणि कोर्ट. थोरले बंधू आबासाहेब न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, अजून त्यांच्या व्हरांड्यात जुने वकील येऊन बसतात. धाकट्याने मागच्या खोलीत भट्टी लावली आहे, हे त्यांना ठाऊक नाही. गुडघ्यांमुळे ते मागे येत नाहीत. यंत्राच्या मोटरचा आवाज येतो तो घरघंटीचा म्हणून सांगितलंय.

चकल्यांइतकाच लोभही भरपूर पाठवत जावा.

आपला,
दिगंबर

*

भोसरी, पुणे
दि. १४ नोव्हेंबर १९९५

श्री. दिगंबरराव यांस,
मकरंदचा स. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. जावईबापू कॉफीवाले झाले याचा मला तरी अभिमान आहे. आमच्या कारखान्यात साहेब लोकही दिवसभर बिस्किटंच मोजतात, त्यात कसली लाज.

आता पायलटचं. तो म्हणजे घरातलं म्हातारं माणूस समजा. काही काम करत नाही असं वाटतं, पण तो जागा आहे तोवर घर सुरक्षित. त्याच्या ज्योतीत एक बारीक दांडी असते, थर्मोकपल. ती तापलेली असते तोवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत गेली, दांडी गार झाली, की झडप आपोआप मिटते, म्हणजे न जळलेला गॅस खोलीत भरत नाही. म्हणून तो विझला की त्याच्यावर रागावू नका, तो आपलं काम करतोय.

आधी पायलटचं बारीक भोक पाहा. कॉफीचं साल फार हलकं, उडून तिथे बसतं. मऊ ब्रशने झाडा. सुई घालून भोक मोठं करू नका. दांडीचं टोक ज्योतीत नीट बुडालंय का ते पाहा, काजळी असेल तर पुसा. तिथे वाऱ्याचा झोत येत असेल तर आडोसा करा. एवढं करून भागलं नाही तर दांडी बदला, ती मिळते. आणि खोलीत हवा कशी आहे, धुराडं सरळ वर गेलंय का, तेही कळवा.

चि. सौ. वासंतीस आशीर्वाद. चकल्या मोजून ठेवायला सांगा. आम्हा दूरच्यांवरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
मकरंद

*

विद्यानगर, हैदराबाद
दि. १ डिसेंबर १९९५

रा. रा. मकरंदराव यांस, सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत ते एकूण एक केलं. भोक झाडलं, दांडी पुसली, मग बदललीही. वारा लागू नये म्हणून आडोसा तर असा केलाय की खोलीत उदबत्तीचा धूरही हलत नाही. हवेचं आणि धुराड्याचं सगळं ठीक आहे. तरी पायलट विझतो. सकाळी पहिली भाजणी निभावते. दुसरीला ज्योत पिवळी पडून लांबोडी होते, दांडीपासून सुटल्यासारखी हलते आणि जाते. सगळी दारं उघडून आम्ही जेवून आलो की पुन्हा शहाण्यासारखा पेटतो. या यंत्राचं माझ्याशी काय वैर आहे कळत नाही.

मलकपेठेत उमाजी म्हणून गॅसच्या शेगड्यांचा मिस्त्री आहे. दांडी काढून त्याला दाखवली. तो म्हणतो दांडी चांगली आहे, यंत्र बघायला घरी येतो. त्याला घरी कसा आणू? वाट व्हरांड्यातूनच आहे. आबासाहेब विचारणार, हे कोण, कशाला आले. मी त्याला नको म्हटलं.

मेसचा कंत्राटदार परवा म्हणाला की साब, पहले कॉफी अच्छी थी, अब कायकू ऐसी कच्ची आरी. मान खाली घालून स्कूटर चालू केली. मकरंदराव, मला दुसरं काही येत नाही हो. कारखान्याने घरी बसवलं, तेव्हा वाटलं होतं, निदान स्वतःच्या हिमतीवर काही उभं करीन. आता रोज सकाळी देवाचं नाव घेऊन काडी ओढतो. सांगायला लाज वाटते, पण काल यंत्रासमोर बसून रडलो. वासंतीला वाटलं डोळ्यांत धूर गेला.

तुमच्यावाचून विचारायला कुणी नाही. लोभाची गरज आज जास्त आहे.

आपला,
दिगंबर

*

भोसरी, पुणे
दि. ९ डिसेंबर १९९५

श्री. दिगंबरराव यांस, स. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. उद्या इंदूरला निघतोय, तिथे नवी भट्टी बसवायची आहे. संक्रांतीच्या आसपास परत येईन.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला डाचते आहे. गार यंत्र चालतं, तासाभराने मरतं आणि दारं उघडली की पुन्हा चालतं, हे भागांचं दुखणं नव्हे. हवेचं असावं. तुम्ही सगळं ठीक म्हणता, पण ठीक म्हणजे काय ते लिहा. खिडक्या किती, उघड्या किती, धुराड्याला वळणं किती. त्या खोलीत बसून डोकं जड होतं का? ज्योत पिवळी दिसणं मला आवडलेलं नाही. खोलीचं चित्र काढून पाठवा, वाकडंतिकडं चालेल.

आणि एक. वैतागून झडपेला तार-बीर बांधून ती उघडी ठेवायचं मनात आणू नका. लोक करतात म्हणून सांगतो. उमाजीला घरी येऊ द्या. आबासाहेब काही फाशी देणार नाहीत.

परत आल्यावर तुमच्या हातची कॉफी प्यायला येतोच. धीर सोडू नका, आणि आम्हालाही.

आपला,
मकरंद

*

विद्यानगर, हैदराबाद
दि. २६ डिसेंबर १९९५

ती. स्व. दादास,
वासंतीचा शि. सा. न. वि. वि.

तू इंदूरला आहेस हे ठाऊक आहे, तरी पत्र पुण्यालाच टाकते. आल्यावर वाच. सोबत तिळगुळाची पुडी आहे. लाडू टणक झालेत, दातांची काळजी घे, आता तुझे तरी किती उरलेत.

तुझा भाचा अमोल बंगलोरच्या त्याच्या कॉम्प्युटर कंपनीत मजेत आहे. मी पत्रं मराठीत लिहिते, इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्याला ती वाचता येत नाहीत, मग तो मित्राकडून वाचून घेतो, आणि मित्र कानडी! काय पोचतं देव जाणे.

तुला हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय. तू खोलीचं चित्र मागितलंस, ते यांनी काढलंही आणि फाडून टाकलं. त्यांना तुला सांगायला संकोच वाटतो, म्हणून मीच सांगते. मागच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, गल्लीकडे उघडणाऱ्या. वास गल्लीत जाऊ नये म्हणून दोन्हींवर पुठ्ठे ठोकून वर माझी जुनी रजई लावली आहे. झरोक्यात चिंध्या कोंबल्या आहेत. आधी एक फट ठेवली होती, पण तू वाऱ्याला आडोसा करा म्हणालास तेव्हापासून तीही बुजवली. धुराड्याचा पत्रा वर नेला असता तर लोकांना दिसला असता, म्हणून तो दोनदा वळवून खाली न्हाणीच्या मोरीकडे सोडलाय, तोंडाला ओलं पोतं. दुपारी मोठं दार लावून बसते, कारण व्हरांड्यात आबासाहेबांचे वकील असतात. विद्यानगरात आम्ही राहतो आणि कॉफी विकतो मलकपेठेला! गल्लीतल्या कुणाला पत्ता नाही. शेजारच्या त्रिवेणीबाई मला विचारतात की हल्ली तुम्ही दिसत नाही, कुठे असता. मी म्हणते घरघंटीवर.

पायलटचं आता बरं आहे. नाताळाच्या आधी यांनी झडपेला तार बांधली, तेव्हापासून ती मिटतच नाही. तू रागावशील म्हणून तुला सांगू नको म्हणाले. पण दादा, यांना इतक्या दिवसांनी जेवताना बोलताना पाहिलं. तारनाक्याच्या मेसने पुन्हा माल घेतला. मी कशी त्यांना तार सोडा म्हणू?

माझंच थोडं बरं नसतं. डोकं फार ठणकतं, मळमळतं. रविवारी यंत्र बंद असतं तेव्हा मात्र काही होत नाही, म्हणून हे मला आळशी म्हणून चिडवतात. चाळिशीपलीकडचं असेल काहीतरी. वाईट एवढंच वाटतं की बी भाजत आल्याचा वास मला हल्ली नीट कळत नाही. रंगावर भागवते.

संक्रांतीला तुझी आठवण काढीन. धाकटीवर जीव आहे तो तसाच असू दे.

तुझी,
वासंती

*

विद्यानगर, हैदराबाद
दि. १७ जानेवारी १९९६

रा. रा. मकरंदराव यांसी,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

त्या दिवशी फोनवर मी आपणाशी धड बोललो नाही. आज इस्पितळातून थोडी उसंत मिळाली म्हणून झाले ते लिहितो. आपण निघाला आहात असे समजते, तरी प्रत्यक्ष भेटीत हे माझ्याने बोलवणार नाही.

आपला फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. इंदूरहून आल्या पावली बहिणीचे पत्र वाचले, मागच्या खोलीच्या खिडक्या आत्ताच्या आत्ता उघडा, असे आपण ओरडून सांगितलेत. मी रिसीव्हर तसाच टाकून काठी घेतली. बोळातून चालत गेलो. गेल्या कित्येक वर्षांत मी त्या बाजूला गेलो नव्हतो. दार आतून लावलेले नव्हते, फक्त लोटलेले होते. आत यंत्र फिरत होते, ज्वाळा पिवळी होती, आणि वासंती बी निवडण्याच्या सुपावर डोके टेकून झोपल्यासारखी होती. गालांवर चांगला रंग होता, त्यामुळे क्षणभर मला वाटले सारे ठीक आहे. हाक मारली. ती हलली नाही. तेव्हा रजई आणि पुठ्ठे ओढून काढले आणि काठीने काचा फोडल्या. त्रिवेणीबाईंच्या घरचे धावत आले. दिगंबर माल पोचवायला मलकपेठेस गेला होता. तो आला तेव्हा तिला रिक्षात घालत होते.

डॉक्टर म्हणतात, कोंडलेल्या खोलीत गॅस अर्धवट जळला की एक विषारी वायू होतो, त्याला वासही नसतो. पायलट वारंवार विझत होता तो हवा नाही म्हणूनच. झडप बांधली नसती तर यंत्र बंद पडले असते, आणि ती चिडून बाहेर आली असती, एवढेच. जीव वाचला आहे. शुद्धीवर आली आहे. पण मला तिने दोनदा विचारले की आज कोर्टाला सुट्टी आहे का. मला निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली.

आपणास एक गोष्ट सांगणे भाग आहे. मला ठाऊक होते. घरघंटीतून कॉफीचा वास येत नसतो, हे कळायला न्यायाधीश व्हावे लागत नाही. पुठ्ठे ठोकले तरी बोळातून वास येई. पहिल्या दिवसापासून मला तो फार आवडे. माझ्याकडे येणारे वकीलही म्हणत की तुमच्या घरात झकास कॉफी होते, पण मिळत काही नाही. मी रोज वाट पाहत असे, की आज एक कप पुढे येईल. विचारले नाही. तो लपवतो आहे, तर त्याचा मान राहावा, असे मला वाटले. तो माझा मान राखत होता आणि मी त्याचा, आणि मध्ये ती पोर कोंडली गेली.

दिगंबर इस्पितळाच्या बाकावरून उठत नाही. आपण या. त्याच्याजवळ बसा. आपला स्नेह या घराला सध्या फार हवा आहे.

आपला,
आबा

*

विद्यानगर, हैदराबाद
दि. २४ मार्च १९९६

रा. रा. मकरंदराव यांस,
दिगंबरचा सा. न. वि. वि.

तुम्ही परत गेल्यावर लिहीन म्हटलं होतं, पण कागद समोर घेऊन नुसता बसत होतो. गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, आडोसा करा हे मीच लिहिलं होतं. तो विचार मनातून काढा. तुम्ही हवेचं विचारलं होतंत. ठीक आहे असं मी लिहिलं.

वासंतीची तब्येत तशी सुधारली. जेवते, फिरते. हात थोडे थरथरतात. मला ओळखते, अमोलला ओळखते, तो दोन आठवडे राहून गेला. जुनं सगळं आठवतं, तुमच्या लहानपणीच्या खोड्यासुद्धा. नवं मात्र टिकत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी कोरं. कारखाना सुटला हे तिला दर दिवशी नव्याने कळतं आणि दर दिवशी ती मला नव्याने धीर देते. डॉक्टर म्हणाले, यायचं तेवढं आलं. मी म्हटलं, बरं.

यंत्र विकून टाकणार होतो. आबासाहेबांनी विकू दिलं नाही. त्यांनी खिडक्यांच्या चौकटीच काढून मोठ्या करून घेतल्या, धुराडं सरळ वर नेलं, आणि फाटकावर पाटी लावली. आमचं आडनाव आणि खाली ताजी कॉफी. पाटी रंगवताना स्वतः खुर्ची टाकून बसले होते. उमाजी येऊन यंत्र पाहून गेला. त्याने तार सोडली, बाकी कशालाही हात लावला नाही. मकरंदराव, पायलट आता विझत नाही. एकही भाग बदललेला नाही. तीच दांडी, तेच भोक, तीच ज्योत. निळी, ताठ, दिवसभर जळते. तिच्याकडे बघवत नाही.

गल्लीतले लोक येतात. त्रिवेणीबाई पहिल्यांदा आल्या, पाव किलो घेतली, आणि म्हणाल्या की भाऊ, आधी बोलले असते तर आम्ही तुमच्याकडूनच घेतली असती. जो येतो तो हेच म्हणतो. वकील मंडळींना व्हरांड्यात कप मिळतो. पाडव्याला तर रांग होती. धंदा चालतोय, असं म्हणायला हवं. लाजेपायी लपवलं ते कुणाला लाजेचं वाटतच नव्हतं, हे आता रोज कुणीतरी येऊन मला गोड बोलून सांगून जातं, आणि मी सुट्टे पैसे परत देत ऐकून घेतो.

भाजतो ते फक्त तिच्यासाठी. तिचं नाक परत आलंय. बी तडतडायला लागलं की तिचा चेहरा उजळतो. मी तिची खुर्ची मोठ्या खिडकीशी मांडतो. भाजणी नेमकी कधी उतरवायची ते अजूनही तीच सांगते, आणि अजून कधी चुकली नाही.

काल अशीच बसली होती. वास आला तशी मान वर करून मला म्हणाली की अहो, किती छान कॉफी भाजतंय कुणीतरी, कुणाकडे असेल. मी म्हटलं, आपल्याकडेच. हे मी रोज सांगतो. ती आधी हसली. मग दचकून बोळाकडे पाहिलं, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाली की हळू बोला, पुढे व्हरांड्यात आबासाहेब बसलेत, त्यांना कळलं तर काय म्हणतील. आणि थरथरत्या हातांनी उठून तिने खिडकी लावून घेतली.

मी ती पुन्हा उघडली. रोज उघडतो.

माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायला हात धजत नाही. तिच्यावर आहे तो असू द्यावा.

आपला,
दिगंबर